टायटॅनियमवरचे एचए कोटिंग भिजल्यावर कमजोर का होते, आणि आधी कुठे हात घालावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी तुम्ही ग्रेड ५ टायटॅनियमच्या (ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूच्या) चकत्यांवर हायड्रॉक्सीॲपेटाइटचे, म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटचे (एचएचे), प्लाझ्मा स्प्रे कोटिंग, म्हणजे पावडर अतितप्त वायूच्या ज्योतीतून वितळवून फवारलेला थर, करून घेतले. जाडी साधारण २०० मायक्रॉन. ओढून तोडायच्या चाचणीत २० मेगापास्कलच्या आसपास आकडा आला. तसेच नमुने एसबीएफमध्ये, म्हणजे रक्तद्रवातल्यासारखे क्षार असलेल्या द्रावणात, दोन आठवडे ठेवल्यावर आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. गाइड म्हणतात पावडरमध्ये झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड) मिसळून बघा, सीनिअर म्हणतो खाली टायटॅनियाचा (टायटॅनियम ऑक्साइडचा) बाँड कोट, म्हणजे धातू आणि एचएला जोडणारा मधला थर, द्या. यातले काय करू, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत स्पष्ट आहे: सध्या दोन्ही नको. तुमच्या आकड्यांवरून तरी दोष पावडरच्या रसायनात कमी आणि धातूला लागून असलेल्या पहिल्या दहा-वीस मायक्रॉनमध्ये जास्त दिसतो. तिथे काय चालले आहे ते न बघता वर नवा पदार्थ घातला, तर एका प्रश्नाचे दोन प्रश्न होतील आणि प्रबंधात दोन्हींचे उत्तर देता येणार नाही. मी बरीच वर्षे थर्मल स्प्रेच्या कामात आहे, आधी यंत्रभागांच्या आणि नंतर इम्प्लांटच्या. जे लिहितो आहे ते त्या कामातून आलेले आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कोरड्या नमुन्याचा २० मेगापास्कल हा आकडा वाईट नाही. आयएसओ १३७७९ या मानकात शस्त्रक्रियेच्या इम्प्लांटवरील एचए कोटिंगसाठी किमान चिकटबळ १५ मेगापास्कल मागितले आहे. तुम्ही ते ओलांडले आहे. म्हणजे खरा प्रश्न 'चिकटत नाही' हा नाही. 'भिजल्यावर टिकत नाही' हा आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि काही वेळा एकमेकांच्या विरुद्ध जातात.

विरुद्ध कसे जातात ते सांगतो, कारण या विषयाची सगळी अडचण तिथेच आहे. प्लाझ्माच्या ज्योतीचा गाभा दहा हजार अंशांच्या पुढे असतो. एचएचा कण त्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागात निघून जातो, पण तेवढ्यात त्याचे बाहेरचे कवच वितळते, त्यातला हायड्रॉक्सिल निघून जातो आणि काही भाग विघटित होतो. त्यातून ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, टेट्राकॅल्शियम फॉस्फेट आणि फार तापल्यास कॅल्शियम ऑक्साइड तयार होते. वितळलेला भाग धातूवर आपटून क्षणात गोठतो, त्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही; तो अस्फटिक, म्हणजे अणूंची नीट रचना नसलेला, काचेसारखा राहतो. आता गंमत बघा: कण जितका जास्त वितळेल तितका तो खडबडीत पृष्ठभागात शिरून चांगला पकड घेतो, कोटिंगही दाट होते. म्हणून शक्ती वाढवली की कोरड्या चाचणीतला आकडा वाढतो. पण तोच अस्फटिक भाग पाण्यात स्फटिक एचएपेक्षा खूप लवकर विरघळतो. म्हणजे कोरड्या चाचणीत जो भाग चिकटपणा देतो, तोच भिजल्यावर आधी सोडतो.

शिवाय धातूला लागलेला पहिला थर सर्वांत वेगाने थंड होतो, कारण त्याच्यामागे उष्णता शोषणारे टायटॅनियम असते. त्यानंतरचे थर आधीच्या गरम, उष्णता कमी वाहणाऱ्या सिरॅमिकवर पडतात, त्यांना थोडी उसंत मिळते. त्यामुळे कोटिंगमध्ये अस्फटिक भाग सगळीकडे सारखा नसतो, तो बहुधा धातूच्या बाजूला दाटलेला असतो. द्रावण भेगांतून आणि छिद्रांतून तिथपर्यंत पोचले की पाया विरघळू लागतो आणि वरचे चांगले कोटिंग अधांतरी राहते. दोन आठवड्यांत निम्मी ताकद गेली, याचे सर्वांत संभाव्य कारण मला हे वाटते.

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी, केले असेल आणि स्फटिकता चांगली आली असेल, तरी हे नाकारले जात नाही. नेहमीच्या, तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांनी एचएमध्ये वरच्या काही दहा मायक्रॉनचीच बातमी मिळते. तुमचे कोटिंग २०० मायक्रॉनचे आहे. तळाला काय आहे ते पाहायचे तर वरून हळूहळू पॉलिश करत खाली जा आणि दोन-तीन खोलींवर पुन्हा आलेख काढा. पाहायचे काय? सुमारे ३१.८ अंशांवर एचएचे मुख्य शिखर. त्याच्या खाली २९ ते ३३ अंशांच्या पट्ट्यात पसरट उंचवटा उठला असेल तर तो अस्फटिक भाग. २९.८ च्या जवळ टेट्राकॅल्शियम, ३०.७ च्या जवळ अल्फा ट्रायकॅल्शियम, ३१ च्या जवळ बीटा. आणि ३७.४ अंशांवर एकटे उभे शिखर दिसले तर तो कॅल्शियम ऑक्साइड.

या शेवटच्याकडे विशेष लक्ष द्या. कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे आपला कळीचा चुना. पाणी लागले की तो फुलतो. त्याचे हायड्रॉक्साइड होताना आकारमान जवळजवळ दुप्पट होते. कोटिंगच्या पोटात असे कण असतील तर भिजवल्यावर ते आतून भेगा पाडतात आणि विरघळून पोकळीही सोडतात. आयएसओच्या मानकात एचएखेरीज इतर स्फटिक घटकांवर मर्यादा आहे आणि स्फटिकता किमान ४५ टक्के मागितली आहे. माझ्या मते ३७.४ चे शिखर नुसते डोळ्यांना दिसले तरी बाकी सर्व थांबवून आधी गनची, म्हणजे फवारणीच्या यंत्राची, शक्ती, कणांचा आकार आणि फवारणीचे अंतर पाहावे.

आता तुटलेल्या नमुन्यांकडे या. ते फेकले नसतील अशी आशा आहे. चाचणीत आकड्यापेक्षा तुटलेला चेहरा जास्त बोलतो. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दोन्ही अर्धुके शेजारी ठेवा, बाजूने तिरका उजेड टाका. दोन्हीकडे पांढरे असेल तर कोटिंग स्वतःच्या पोटात तुटले. एकीकडे राखाडी धातू उघडा आणि समोर पांढरे असेल तर जोड सुटला. पिवळट, चकचकीत गोंद दिसत असेल तर गोंद तुटला, आणि तो आकडा कोटिंगचा नाहीच. प्रत्येक चकतीवर या तिन्हींचे क्षेत्र टक्क्यांत नोंदवा, कोरड्या आणि भिजवलेल्या नमुन्यांचे वेगवेगळे. कोरडे नमुने पोटात तुटत असतील आणि भिजवलेले धातूपाशी सुटत असतील, तर वर मांडलेल्या कारणाला मोठा आधार मिळेल.

उघड्या धातूच्या डागांचा आकार आणि जागाही पाहा. एका कामात आमच्याकडे तपासायला आलेल्या चकत्यांवर राखाडी डाग प्रत्येक वेळी काठाशी, समोरासमोर दोन ठिकाणी होते, अर्धवट लंबगोल, बोटाच्या पेराएवढे. कोटिंगच्या गुणधर्मांमुळे असा आकार येत नाही. ब्लास्टिंगनंतर, म्हणजे कणांचा मारा करून पृष्ठभाग खडबडीत केल्यावर, चकती फिक्स्चरमध्ये बसवताना कोणीतरी उघड्या हाताने तिथेच धरत होते. हातमोजे आले, डाग गेले. पावडर किंवा गनला हात लावायची वेळच आली नाही. तुमच्या चकत्यांवर डाग एकाच बाजूला सरकलेले असतील तर ब्लास्टिंगचा कोन किंवा गनची फेरी तपासा. गोल कडेने सगळीकडे असतील तर कडा जास्त तापते किंवा तिथे ताण साठतो असे समजा.

गोंदाबद्दल एक इशारा. पातळ गोंद सच्छिद्र कोटिंगमधून झिरपत थेट धातूपर्यंत जातो. मग तुम्ही मोजता ती गोंदाची धातूवरची पकड, आणि आकडा छान दिसतो. पातळ कोटिंगमध्ये ही फसगत हमखास होते. म्हणून पत्रीच्या रूपातला, म्हणजे फिल्म प्रकारचा, गोंद वापरलेला बरा. एएसटीएम एफ ११४७ ही चाचणी कॅल्शियम फॉस्फेट आणि धातूच्या कोटिंगसाठी लिहिली आहे, तिच्या पद्धतीने करा. प्रत्येक गटात किमान पाच नमुने घ्या आणि सरासरीबरोबर सगळ्यांत कमी आलेला आकडाही लिहा. इम्प्लांट सरासरीने निकामी होत नाही, सर्वांत कमजोर जागी निकामी होते.

कारण सापडले की कामाचा क्रम ठरतो. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फायदा धातूच्या तयारीत मिळतो, आणि सर्वांत कमी लक्षही तिथेच दिले जाते. ब्लास्टिंगसाठी बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) कण, म्हणजे ग्रिट, वापरतात. ताजा, धारदार ग्रिट धातू कापतो; वापरून बोथट झालेला नुसता ठोकतो. दोन्हींनी खडबडीतपणाचा सरासरी आकडा सारखा येऊ शकतो, पण बोथट ग्रिटच्या खळग्यांना कडा नसते आणि कोटिंगला धरायला जागा मिळत नाही. आम्ही सरासरी खडबडीतपणा ४ ते ६ मायक्रॉनच्या दरम्यान ठेवतो, पण त्या आकड्यावर विसंबत नाही. छेद घेऊन पाहतो. छेदात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने मागे परतलेल्या इलेक्ट्रॉनपासून काढलेल्या चित्रात, टायटॅनियम उजळ आणि ॲल्युमिना काळपट दिसते. जोडाच्या रेषेवर काळे टोकदार तुकडे रांगेने दिसले तर ग्रिट धातूत रुतला आहे. त्या प्रत्येक तुकड्यावर एचए धातूला न चिकटता ॲल्युमिनाला चिकटले आहे, आणि ॲल्युमिना स्वतः धातूत सैल बसलेले आहे. अगदी सरळ नव्वद अंशांनी मारण्याऐवजी थोडा कोन दिला आणि दाब आटोक्यात ठेवला तर हे कमी होते. काही उत्पादक ॲल्युमिनाऐवजी कॅल्शियम फॉस्फेटचाच ग्रिट वापरतात आणि राहिलेले कण आम्लाने धुऊन टाकतात. ती पद्धत स्वच्छ आहे, मात्र खडबडीतपणा कमी मिळतो.

ब्लास्टिंगनंतर अल्ट्रासोनिकमध्ये ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग वाळवणे, आणि त्याच पाळीत कोटिंग. रात्रभर ठेवलेली चकती मी घेत नाही. कंप्रेसरच्या हवेत तेल-पाणी येते का हे पाहायला पांढरा टिपकागद हवेच्या झोतासमोर मिनिटभर धरा. डाग दिसला तर फिल्टर बदलल्याशिवाय काम सुरू करू नका. तुम्ही पुण्याच्या बाजूला असाल तर जून ते सप्टेंबरमध्ये पावडरचीही काळजी घ्या. एचए पावडर दमट हवेत गुठळ्या धरते, हॉपरमधून (पावडरच्या टाकीतून) धक्क्याधक्क्याने येते, आणि मग एका फेरीत जाड, दुसऱ्या फेरीत विरळ असे कोटिंग होते. फवारणीच्या आधी ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडे वर तासाभर वाळवा आणि गरम असतानाच हॉपरमध्ये भरा.

दुसरा मोठा आणि जवळजवळ फुकटचा फायदा म्हणजे जाडी कमी करणे. २०० मायक्रॉन कशासाठी घेतले, याचे कारण तुमच्या प्रश्नात नाही. जाड म्हणजे मजबूत असा समज असेल तर सोडून द्या. एचए दर अंशाला दशलक्षात १३ ते १४ भाग प्रसरण पावते, टायटॅनियमचा हा मिश्रधातू ९ च्या आत. थंड होताना कोटिंग जास्त आकसू पाहते, धातू ते होऊ देत नाही, म्हणून कोटिंग ताणाखाली राहते. तीनशे अंशांचा उतार धरला तर फरक सुमारे ०.१५ टक्के येतो. कोटिंगचा स्थितिस्थापकता गुणांक ३० गिगापास्कल धरला तर ताण ४५ मेगापास्कलच्या घरात जातो, म्हणजे तुमच्या चिकटबळाच्या दुपटीहून जास्त. भेगा पडून तो काही अंशी निवळतो, म्हणून कोटिंग जागेवर राहते. पण कोटिंग सोलून काढणारी जी ऊर्जा त्यात साठते ती जाडीच्या प्रमाणात वाढते. २०० वरून ८० मायक्रॉनवर आलात तर ती ऊर्जा ४० टक्क्यांवर येते, बाकी काहीही न बदलता. कित्येक उत्पादक ५० ते ८० मायक्रॉनच्या आसपास राहतात ते उगाच नाही.

मात्र जाड कोटिंग चालतच नाही असेही नाही. फ्रान्समध्ये १९८६ पासून वापरात असलेल्या कोराय या खुब्याच्या दांड्यावर (कृत्रिम सांध्याच्या, मांडीच्या हाडात बसणाऱ्या भागावर) १५५ मायक्रॉनचे एचए आहे आणि त्याचा दीर्घकाळचा अनुभव चांगला आहे. तिथे दांड्याचा आकार, त्यावरच्या आडव्या-उभ्या खाचा आणि हाडात दाबून बसवण्याची पद्धत हे सगळे मिळून काम करते. आकाराचा मुद्दा समजायला बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव आठवा: तापवून चढवलेली धाव थंड होताना आकसते आणि चाकाला आवळून धरते. बाहेरून गोल दांड्यावर ताणाखालचे कोटिंग तसेच आत दाबते. खोलगट जागी मात्र तेच ताणलेले कोटिंग पृष्ठभागापासून उचकटू पाहते. सपाट चकतीवर या दोन्ही गोष्टी कळत नाहीत, तिथे फक्त कडा कळते. म्हणून चकत्यांचे निकाल दांड्याला लावताना जपून, आणि शक्य असेल तर एक-दोन गोल सळ्यांवरही कोटिंग करून घ्या.

इथपर्यंतचे सगळे मी सिमेंटशिवाय बसवायचा खुब्याचा दांडा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. तुमचा उपयोग दुसरा असेल तर उत्तर बदलेल. एचए कोटिंगचे दांडे माणसांत बसवायला १९८०च्या दशकाच्या मध्यात सुरुवात झाली. लंडनमध्ये फर्लाँग यांनी १९८५ मध्ये, त्यापाठोपाठ नेदरलँड्समध्ये गेसिंक यांनी. तेव्हापासूनच्या अनुभवातून एवढे पक्के झाले आहे की सुरुवातीच्या आठवड्या-महिन्यांत हाड लवकर आणि जवळ येऊन बसावे, हे एचएचे मुख्य काम. पुढे हळूहळू एचए कमी होते आणि हाड खालच्या खडबडीत धातूला धरते. म्हणून दांड्यावर कोटिंग काही वर्षांत थोडे विरघळणे हा दोष नाही, ते तुकड्यांनी सुटणे हा दोष आहे. सुटलेला तुकडा सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागांत गेला तर तिथले पॉलिएथिलीनचे प्लास्टिक अस्तर खरवडतो. दातांच्या स्क्रूवर परिस्थिती वेगळी: जागा अरुंद, तोंडातल्या जंतूंचा संबंध, आणि प्लाझ्मा स्प्रेऐवजी ब्लास्ट करून आम्लाने खरवडलेले उघडे टायटॅनियमच तिथे बहुतेकांनी पसंत केले. सच्छिद्र, थ्री-डी प्रिंट केलेल्या भागात तर प्लाझ्मा स्प्रे आत पोचतच नाही. गनला जे दिसते तेवढेच झाकले जाते. तिथे द्रावणातून बसणारे पातळ थर हाच मार्ग.

आता तुमच्या दोन मूळ पर्यायांकडे येतो. झिर्कोनिया मिसळण्यामागचा विचार कळतो: तो चिवट आहे, भेग अडवतो, आणि त्याचे प्रसरण एचए आणि टायटॅनियमच्या मधले आहे. पण तो २७०० अंशांच्या आसपास वितळतो, एचए त्याच्या हजारभर अंश आधी. एकाच ज्योतीत दोघांना न्याय देता येत नाही. झिर्कोनिया वितळेल एवढी शक्ती दिली तर एचए विघटित होते. एचए जपले तर झिर्कोनियाचे न वितळलेले कण नुसते अडकून राहतात. त्यात भर म्हणजे तापमान चढल्यावर झिर्कोनिया एचएमधला कॅल्शियम ओढून कॅल्शियम झिर्कोनेट बनवतो आणि मागे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट राहते, जे अधिक विरघळते. म्हणजे तुमची जी तक्रार आहे तीच वाढण्याचा धोका. कोरडा आकडा कदाचित वाढेल. भिजल्यानंतरच्या आकड्याची मला खात्री वाटत नाही.

टायटॅनियाच्या बाँड कोटला माझा एवढा विरोध नाही. ऑक्साइडवर ऑक्साइड चांगले बसते आणि धातूपर्यंत द्रावण पोचायला अडथळा होतो. मात्र 'मधला थर म्हणून प्रसरणातला फरक विभागतो' हे कारण देऊ नका. टायटॅनियाचे प्रसरण टायटॅनियमच्या बरोबरीचे आहे, फरक तसाच राहतो, फक्त जागा बदलून टायटॅनिया आणि एचएच्या जोडावर जातो. माझ्या हातात निर्णय असता तर मी खाली सच्छिद्र टायटॅनियमचाच थर देईन, निर्वात किंवा अक्रिय वायूत फवारलेला. उघड्या हवेत फवारलेले टायटॅनियम ऑक्सिजन आणि नायट्रोजन खाऊन ठिसूळ होते, तो थर देण्यात अर्थ नाही. निर्वात प्लाझ्माची सोय महाग आहे आणि मोजक्याच ठिकाणी आहे, त्यामुळे प्रकल्पाच्या खर्चात बसेल का हे तुम्हीच ठरवा. न बसल्यास चांगले ब्लास्टिंग आणि पातळ कोटिंग यावरही चकतीचे निकाल बरेच सुधारतात.

कोटिंगनंतर तापवण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण हा पर्याय झिर्कोनियाच्या आधी यायला हवा. अस्फटिक भाग ६०० ते ७०० अंशांना तासाभरात स्फटिक होतो. आकर्षक वाटते, पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. स्फटिक होताना तो भाग थोडा आकसतो आणि बारीक भेगा पडतात. पुन्हा तापवून थंड करण्यात प्रसरणाचा फरक पुन्हा भोगावा लागतो, म्हणून उतार अगदी सावकाश हवा. आणि हवेत एवढे तापवले की टायटॅनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा वाढतो, जो जोडावरच बसतो. पाण्याच्या वाफेत केले तर फरक पडतो: निघून गेलेला हायड्रॉक्सिल परत मिळतो आणि तेच स्फटिकीकरण बरेच कमी तापमानाला घडते. ऑटोक्लेव्हसारख्या बंद भांड्यात सव्वाशे अंशांच्या आसपासही हा परिणाम दिसल्याचे प्रसिद्ध झाले आहे. तुमच्या विभागात हायड्रोथर्मल भांडे असणारच. उरलेल्या चकत्यांपैकी निम्म्या त्यात ठेवून भिजल्यानंतरचे चिकटबळ मोजा; खर्च नगण्य आहे आणि प्रबंधासाठी सगळ्यांत उपयोगी तुलना हीच ठरेल. कॅल्शियम ऑक्साइडचे शिखर दिसत असेल तर मात्र वाफेत घालू नका, कारण चुना तिथेच फुलेल.

भिजवण्याच्या पद्धतीतही एक दुरुस्ती सुचवतो. एसबीएफ, म्हणजे जपानी संशोधक कोकुबो यांनी रूढ केलेले, ३६.५ अंश आणि पीएच ७.४ चे द्रावण, ॲपेटाइटच्या दृष्टीने अतिसंपृक्त असते, म्हणजे त्यात त्याचे घटक मावतील त्याहून जास्त असतात. त्यात कोटिंग विरघळते आणि त्याच वेळी वर नवे ॲपेटाइट बसते. त्यामुळे वजनातला बदल किंवा वरून घेतलेले चित्र दोन्ही फसवतात: वर सुंदर फुललेला थर, खाली पाया पोकळ. विरघळण्याचा वेग समजून घ्यायचा असेल तर साधे ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) घ्या आणि बाहेर आलेला कॅल्शियम मोजा. एसबीएफ हाडासारखा थर बसतो का हे पाहण्यासाठी ठेवा. भिजवलेला नमुना गोंद लावण्याआधी कसा आणि किती वाळवला हेही लिहा, कारण फिल्म गोंद भाजताना तापमान बरेच चढते आणि आत अडकलेले पाणी वाफ होऊन निकाल बिघडवते.

गनच्या बाबतीत फार लिहीत नाही, कारण प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे आणि माझे आकडे तुमच्या यंत्राला लागू होणार नाहीत. दिशा मात्र सांगता येते. पावडर अरुंद आकारपट्ट्यातली मागा. बारीक कण जळतात आणि चुना देतात, जाड कण न वितळता उसळून जातात. कणाचे कवच वितळलेले आणि गाभा मूळचा स्फटिक राहिलेला, अशी अवस्था हवी. एकदम जाड थराऐवजी पातळ फेऱ्या द्या आणि चकतीच्या मागे थर्मोकपल लावून तापमान नोंदवा. पहिल्या फेरीआधी चकती थोडी गरम असेल तर ओल जाते, पहिला थर जरा सावकाश गोठतो आणि पायातला अस्फटिक भाग कमी होतो. पुढे हवेच्या झोताने तापमान वाढू देऊ नका. तुमचे कोटिंग करणाऱ्याकडे तापमानाची नोंद नसेल तर पुढच्या खेपेला स्वतः उभे राहून ती घ्या. एवढ्या नोंदीवरून दोन खेपांमधला फरक समजतो, नाहीतर सगळा अंदाज.

प्लाझ्मा स्प्रेच्या बाहेर जायची मोकळीक गाइड देत असतील तर एक तुलना जरूर करा. कोकुबो यांचीच पद्धत: टायटॅनियम ५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ६० अंशांना २४ तास, मग ६०० अंशांना एक तास. पृष्ठभागावर सोडियम टायटेनेटचा पातळ थर धातूतूनच उगवतो आणि शरीरात त्यावर ॲपेटाइट बसते. इथे वरून चिकटवलेले काही नसल्याने सुटायचा प्रश्न फार कमी; जपानमध्ये कृत्रिम खुब्यात ही पद्धत वापरली गेली आहे. धातूतून सिरॅमिक उगवण्याचे दुसरे उदाहरण म्हणजे झिर्कोनियम-नायोबियमचे तापवून ऑक्सिडाइज केलेले सांध्याचे गोळे, ज्यांचा सुमारे ५ मायक्रॉनचा ऑक्साइड घासणीसाठी आहे, हाड धरण्यासाठी नाही. त्यांची तुमच्या कोटिंगशी तुलना प्रबंधात करू नका, परीक्षक तिथेच अडवतील.

प्रकल्पाच्या पलीकडे हे काम कोणा उत्पादकाकडे न्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी आत्ताच सांभाळा. ग्रेड ५ ऐवजी इम्प्लांटसाठीचा कमी ऑक्सिजनचा प्रकार, एएसटीएम एफ १३६, घ्या. आणि ब्लास्टिंग व कोटिंगमुळे धातूच्या थकव्यावर काय परिणाम होतो याची एक तरी चाचणी ठेवा, कारण दांडा मोडणे हे कोटिंग सुटण्यापेक्षा रुग्णासाठी कितीतरी भयंकर. तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था जैविक सुसंगतीच्या चाचण्या करते, आणि थर्मल स्प्रेच्या बाजूने हैदराबादच्या एआरसीआय या सरकारी संशोधन केंद्रात चांगले काम चालते. गाइडमार्फत पत्र पाठवून विचारा.

पुढच्या खेपेसाठी माझी सूचना अशी. वीस-पंचवीस चकत्या एकाच सळीतून कापा. सगळ्यांचे ब्लास्टिंग ताज्या ग्रिटने एकाच दिवशी करा, ८० मायक्रॉनचे कोटिंग द्या. निम्म्या वाफेत, निम्म्या तशाच. प्रत्येकातल्या निम्म्या कोरड्या तोडा, निम्म्या ट्रिस बफरमध्ये दोन आठवडे ठेवून. ब्लास्टिंगनंतरची एक चकती कोटिंग न करता पिशवीत घालून ठेवा. छेद पाहताना आणि परीक्षकांनी पृष्ठभागाबद्दल विचारल्यावर ती लागेल. तुटलेल्या चेहऱ्यांचे फोटो आणि ३७ अंशांच्या आसपासचा एक्सआरडीचा तुकडा इथे टाकलात तर पुढचे नक्की सांगता येईल.